तिसरा ढीग

आत्याने पुडी उघडली आणि तिचा चिमटा हवेतच थांबला.

"धाकटे, ही घडी कुणी घातली?"

धाकटी चाकावर तेल आणि हिऱ्याची भुकटी चोळत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "बाबांनी. आणखी कोण घालणार?"

"तुझ्या बापाने जन्मात अशी घडी घातली नाही. ही रुमालाची घडी आहे."

धाकटीने हात पुसले आणि ती खिडकीपाशी आली. हिऱ्यांच्या पुडीची घडी लांबट असते. कागदाची एक पाळ दुसरीत अडकते, म्हणजे पुडी उलटी धरली तरी आतला खडा सांडत नाही. ही घडी चौकोनी होती, कडेला कड जुळवलेली, वरून हात फिरवून दाबलेली. घरातले उशांचे अभ्रे, टॉवेल, शाळेत जाताना हातात दिलेले रुमाल, सगळं काही तिला लहानपणापासून याच घडीत मिळालं होतं.

"आई, जरा येतेस इकडे?"

आई उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. कारखान्याच्या खोलीत ती पाऊल टाकत नसे. ती या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं की कपड्यांच्या चुणीत खडा अडकून बाहेर जातो आणि मग घरभर शोधत बसावं लागतं. सासरे गेले, नवरा गेला, पण ते सांगणं तिने पाळलं होतं.

"त्यांच्या टेबलावर उघडेच पडले होते गं," आई म्हणाली. "ते गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. धूळ बसत होती. परवा तू बाहेर गेलीस तेव्हा पहिल्यांदाच गेले आत, गोळा केले, त्यांच्याच कागदात ठेवले. एकही सांडू दिला नाही."

ती हे इतक्या जपून सांगत होती की धाकटीला रागावता येईना. बाबांच्या टेबलावर ढिगांना चिठ्ठ्या नसत. एका ढिगापासून दुसरा ढीग बोटभर अंतरावर, एवढीच त्यांची पद्धत. एका बाजूला खाणीतले हिरे, त्यांनी आणि धाकटीने वर्षभर बसून पैलू पाडलेले, पेढीवाल्या बाईंसाठी राखलेले. दुसऱ्या बाजूला दादाने मागच्या खेपेला नमुना म्हणून ठेवलेले, त्याच्या कारखान्यातल्या भट्टीत वाढलेले हिरे. दोन्ही मिरीच्या दाण्याएवढे, दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ. मधलं ते बोटभर अंतर आईने मायेने पुसून टाकलं होतं.

"तीन ढीग होते," आई म्हणाली.

"दोन, वहिनी," आत्या म्हणाली.

"तीन होते. मी बघितले ना."

"दोन होते की तीन होते, आता एक आहे," मागून काका म्हणाले. ते चहाचा कप घेऊन आले होते आणि काय झालं ते त्यांना अर्ध्या वाक्यातच कळलं होतं. "आणि बाई दुपारी येणार आहेत. उत्तम. मला कुणाची समजूत घालायची गरजच उरली नाही. कारखाना आपोआप बंद."

घरातले सगळे जमले होते ते त्याच निर्णयासाठी. काकांचं म्हणणं, चाकं विकून टाकावीत आणि खोली भाड्याने द्यावी. गेल्याच आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन भिंती मोजून गेली होती. धाकटीचं म्हणणं, बाईंचं काम आहे तोवर चाक फिरवायचं. आणि बाईंचं काम एकाच गोष्टीवर टिकून होतं. त्या स्वतःचं तपासणीचं यंत्र बरोबर आणायच्या, आणि या घराच्या पुडीत त्या यंत्राला आजवर एकही भट्टीतला हिरा सापडला नव्हता. बाजारात मिसळलेल्या पुड्यांचा सुळसुळाट झाल्यापासून बाई दोन कारखान्यांच्या पायऱ्या उतरल्या होत्या, त्या पुन्हा चढल्या नव्हत्या.

"दादाला बोलवा," आत्या म्हणाली. "त्याची भट्टी, त्याचे खडे. तो ओळखेल."

दादा सकाळच्या गाडीने आला होता आणि स्वयंपाकघरात बसला होता. बोटांत भट्टीतल्या कच्च्या हिऱ्याचा एक चौकोनी तुकडा फिरवत राहायची त्याला सवय होती, लोक किल्ल्या फिरवतात तशी. बाबांशी त्याचं शेवटचं भांडण याच खोलीत झालं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, माझ्या टेबलावर तुझा माल नको. त्यानंतर दोघं हवापाण्यावर बोलत, तब्येतीवर बोलत, हिऱ्यांवर कधीच नाही. मागच्या खेपेला तो बाबांचा डोळा लागलेला असताना नमुने टेबलावर ठेवून गेला, आणि ते परत आले नाहीत एवढीच त्याला आशा होती.

तो आत आला, पुडीवर वाकला आणि सरळ झाला.

"डोळ्यांनी नाही ओळखता येणार."

"तू बनवतोस आणि तुलाच येत नाही?" काका म्हणाले.

"हिराच आहे तो, काका. काच असती तर ओळखली असती. जमिनीखालच्यालाही तोच कार्बन लागतो आणि माझ्यालाही. ओळखणारं यंत्र माझ्या कारखान्यात आहे, आणि कारखाना इथून एका दिवसाच्या वाटेवर आहे."

"मला ओळखता येतो," काका म्हणाले. "खाणीतला ओठाला जास्त गार लागतो."

आत्याने एक खडा चिमट्यात धरून त्यांच्यापुढे केला. काकांनी तो ओठाला टेकवला, डोळे मिटले. "खाणीतला. शंकाच नको."

आत्याने हात मागे घेतला, पाठ फिरवली, पुन्हा पुढे केला. "आणि हा?"

"हा भट्टीतला. बघ, कोमट आहे."

"तोच खडा आहे रे," आत्या म्हणाली. "तुझ्याच ओठाने कोमट झालाय."

धाकटीला हसू आवरेना, आणि इतक्या महिन्यांत आपण या खोलीत पहिल्यांदाच हसलो हे लक्षात येऊन ती गप्प झाली. काकांनी कप खाली ठेवला.

"हसा. या पोराच्या भट्ट्यांनी बाजाराचं वाटोळं केलं, ते बघून हसा. साखरपुड्याची अंगठी घ्यायला आलेला पोरगा आता विचारतो, तोच दिसतो ना, मग स्वस्तातला द्या. अर्ध्या गल्लीची चाकं थांबली."

"आमचंही तेच आहे, काका," दादा म्हणाला. "मी पहिला खडा ज्या भावात विकला, त्यात आज ओंजळ भरून देतो. कुणीही उठतो आणि भट्टी लावतो. तुमचा भाव उतरतोय, आमचा कोसळतोय."

"म्हणजे दोघं एकाच विहिरीत," आत्या म्हणाली. "हा पायऱ्यांनी उतरला आणि तू उडी मारलीस."

"मग एक करू," काका म्हणाले. "सगळी पुडी भट्टीतली म्हणून देऊन टाकू. नुकसान होईल, पण अब्रू राहील."

"काका बरोबर बोलतायत," दादा म्हणाला.

दादा आणि काका एका बाजूला, हे या घरात कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. स्वतः काकासुद्धा जरा गोंधळले. धाकटी मात्र पुडीकडे बघत होती. वर्षभराचं काम त्यात होतं. बाबांचं शेवटचं काम त्यात होतं. ते 'कुठलं का असेना' म्हणून देऊन टाकायचं?

मग तिने मोठं भिंग ओढलं. "साल बघू," ती म्हणाली.

"काय?"

"साल. बाबा कंबरेवर ठेवायचे ती."

आत्याने मांडीवर थाप मारली. "अगं, खरंच की."

पैलू पाडलेल्या हिऱ्याची सगळ्यात रुंद कड म्हणजे त्याची कंबर. तिथे एका जागी बाबा मूळ खड्याची साल टाचणीच्या टोकाएवढी तशीच ठेवत, घासत नसत. खड्यातलं लागलं त्याहून कणभरही जास्त घासलं नाही, याची ती खूण. काका आयुष्यभर त्यावरून चिडवत आले होते. दाढी करून गालावर मुद्दाम एक केस ठेवल्यासारखं दिसतं, म्हणत. धाकटीचा हातही त्याच शिस्तीत तयार झाला होता. आणि दादाच्या कारखान्यात पैलू यंत्र पाडतं. यंत्र कसली साल ठेवतंय?

"साल असेल तो आपला, नसेल तो दादाचा," ती म्हणाली. "चला, बसा सगळे. आई, चहा ठेवतेस?"

मग खोलीत एकदम जीव आला. आत्याने टेबलावर नवा कागद अंथरला. दादाने दिवा वाकवून जवळ घेतला, आणि धाकटीला दिसलं की दिवा कुठल्या खटक्यावर थांबतो हे त्याच्या हाताला अजून आठवतं. काका, "मला काही दिसत नाही, माझा चष्मा जुना आहे," असं म्हणत म्हणतच खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यांत आधी भिंग त्यांनीच उचललं.

"आहे," आत्या म्हणाली, आणि खडा डावीकडे गेला.

"नाही," दादा म्हणाला, आणि खडा उजवीकडे गेला.

"आहे. ही बघा काय सुंदर ठेवलीय."

"ही धाकटीची आहे, थोडी तिरकी."

"तिरकी नाही ती. खडाच तसा होता."

"असं सगळेच म्हणतात."

"अरे, कोपर काढ माझ्या उजेडातून."

"अक्का, तुझा उजेड म्हणजे काय?" काका आत्याला म्हणाले. "दिवा सगळ्यांचा आहे."

चिमटे कागदावर टकटक करत होते. ढीग दोन्हीकडे वाढत होते. काकांना एक साल सापडली की ते लहान मुलासारखे सगळ्यांना दाखवत, आणि एकदा तर म्हणाले, "काय हात होता माणसाचा," आणि मग खाली बघून बराच वेळ एकाच खड्यात अडकले. कुणी त्यांना घाई केली नाही. आई उंबऱ्यावर ट्रे घेऊन उभी राहिली, दादाने उठून तो आत घेतला.

पुडी संपत आली. डावा ढीग चमकत होता आणि काका आत्ताच नवी पुडी बांधायला निघाले होते. धाकटीने शेवटच्या काही खड्यांतला एक भिंगाखाली धरला. साल होती. तिने तो डावीकडे न्यायला हात उचलला आणि पुन्हा खाली आणला.

तीन ढीग होते, आई म्हणाली होती. या घरात आईचं मोजणं कधी चुकलं नव्हतं. धोब्याकडून आलेला एक मोजा कमी असला तरी तिला न मोजता कळायचं.

"थांबा," ती म्हणाली. "पुडी बांधू नका."

खाणीतल्या हिऱ्याच्या सालीवर बारीक त्रिकोण असतात, एकमेकांत बसवल्यासारखे. जमिनीच्या पोटात पडून राहताना ते आपोआप उमटतात. कुणी काढू म्हटलं तर निघत नाहीत. बाबांनी तिला लहान असताना मांडीवर बसवून पहिल्यांदा दाखवलं होतं ते हेच. या खड्याच्या सालीवर त्रिकोण नव्हते. तिथे सरळ रेघा होत्या, अगदी समांतर, आणि काठाला काळसर छटा.

"दादा, तुझा तो तुकडा दे."

दादाने खिशातला कच्चा तुकडा दिला. तिने दोन्ही शेजारी धरले आणि भिंगावरून बाजूला झाली. दादा वाकला. त्याने दोन्ही भिंगाखाली फिरवून बघितले.

"ही लेसरने कापल्याची रेघ आहे," तो शेवटी म्हणाला. "काळं आहे ते भट्टीतलं. हा माझा खडा आहे. पण हा यंत्राने नाही केलेला."

"मग कुणी केला?" काकांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

"मी कारखाना लावला तेव्हा बाबांना कच्चे तुकडे पाठवले होते," दादा म्हणाला. "पहिल्या भट्टीतले. म्हटलं होतं, एकदा चाकावर धरून तर बघा. त्यांचं काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, टाकून दिले."

आत्याने भिंग घेतलं, बघितलं. "साल ठेवलीय," ती म्हणाली. "भट्टीतल्याचीसुद्धा ठेवलीय. तुझ्या मालाचाही कण जास्त घासला नाही रे त्यांनी."

दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. धाकटीला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तिच्या हातात चिमटा होता आणि डावा ढीग पुन्हा तपासायचा होता.

"रडायला नंतर वेळ आहे," आत्या म्हणाली, स्वतः नाक पुसत. "आपण त्रिकोण न बघता हे सगळे डावीकडे टाकत होतो. बाईंच्या यंत्राने आपल्याला उभं केलं असतं चौकात. चला, पुन्हा पहिल्यापासून. आता नुसती साल नाही, त्रिकोण."

दुसऱ्या खेपेला कुणी थट्टा केली नाही. डाव्या ढिगातून एकेक करत मूठभरही नव्हे, चिमूटभर खडे बाहेर आले. ज्यांची खात्री पटेना असे दोन-चार धाकटीने वेगळेच काढले, ते दादाच्या ढिगाला जोडले. कमी पडले तर पडू देत. शेवटचा खडा डावीकडे गेला आणि बाहेर गाडीचं दार वाजलं.

"एक लक्षात ठेवा," काका घाईघाईने म्हणाले. "बाईंना यातलं काही सांगायचं नाही. पुडी द्यायची, चहा द्यायचा."

"सांगायचं," दादा म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस. तुला बघूनच त्यांचं तोंड वाकडं होईल."

"सांगायचं की नाही ते धाकटी ठरवेल," आत्या म्हणाली. सकाळी ती चाकं विकायच्या बाजूची होती, याची तिला आता कुणी आठवण करून दिली नाही.

बाई आल्या त्या नेहमीप्रमाणे यंत्राची पेटी स्वतःच उचलून. पेटी टेबलावर ठेवली, वायर लावली, पुडीसाठी हात पुढे केला. धाकटीने पुडी हातात दिली, पण सोडली नाही.

"बाई, एक सांगते, मग बघा. परवा टेबल आवरताना हे खडे भट्टीतल्या खड्यांत मिसळले होते. आज आम्ही सगळ्यांनी बसून ते वेगळे केले. कंबरेवरची साल आणि त्रिकोण बघून. आमच्या मते पुडीत फक्त खाणीतले आहेत."

बाईंनी हात मागे घेतला. "मिसळले होते."

"हो."

"या घरात?"

"हो."

बाईंनी पेटीची वायर काढली. त्या काही रागावून बोलल्या नाहीत, तेच वाईट होतं. त्यांनी वायर गुंडाळायला सुरुवात केली. धाकटीच्या कानात चाक फिरावं तसा आवाज भरला.

"वायर लावा, बाई," काका म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "लावा. आम्ही गप्प बसलो असतो तर तुम्ही लावलीच असती ना? मी हिला तेच सांगत होतो, गप्प बस. ऐकलं नाही. तिच्या बापाचीच खोड. आता एक जरी भट्टीतला निघाला तर उद्या ही चाकं विकतो. तसंही मला विकायचीच आहेत."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी वायर पुन्हा लावली.

यंत्र एकेका खड्यावर निळा उजेड टाकायचं, क्षणभर थांबायचं आणि हिरवा दिवा लागायचा. हिरवा. हिरवा. आत्याने धाकटीचं मनगट धरलं होतं. काका छताकडे बघत होते. हिरवा. एका खड्याला यंत्र जरा जास्तच वेळ थांबलं आणि दादा पुढे वाकला. हिरवा. आई उंबऱ्यावर होती, तिला दिवा दिसत नव्हता, ती फक्त सगळ्यांची तोंडं बघत होती.

शेवटचा खडाही हिरवा झाला. बाईंनी पुडी बांधली, लांबट, एक पाळ दुसरीत अडकवून.

"सांगितलं नसतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

"आज चाललं असतं," धाकटी म्हणाली.

बाईंनी मान हलवली. मग त्यांची नजर त्या चिमूटभर खड्यांवर गेली. "आणि हे?"

"हे भट्टीतले. बाबांच्या हातचे. विकायचे नाहीत."

बाईंनी न विचारता भिंग उचललं आणि बराच वेळ ठेवलं नाही. "भट्टीतल्यावर इतका वेळ कुणी घालवत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या भाव आणखी पडेल म्हणून सगळे उरकतात. माझ्याकडे रोज लोक विचारतात. मी ठेवत नाही, कारण काम हलकं असतं. असं काम होणार असेल, आणि खाणीतल्या आणि भट्टीतल्या पुड्या वेगळ्या राहणार असतील, तर मला दाखवा."

त्या गेल्यावर काका म्हणाले, "आता त्या टेपवाल्यांना काय सांगू?"

"सांग, खोली मोजताना लहान भरली," आत्या म्हणाली.

धाकटीने चिमट्याने ते खडे कागदावर घेतले आणि टेबलाकडे बघत राहिली. बाबांचा चष्मा अजून तिथेच होता, काड्या उघड्या.

"आई, तो तिसरा ढीग नक्की कुठे होता गं?"

आईने उंबऱ्याकडे बघितलं, मग खोलीकडे. मग कपडे जरा आवळून धरत ती आत आली, टेबलापर्यंत, आणि चष्म्याच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं. "इथे. हाताशी."

धाकटीने खडे तिथे ठेवले, चष्म्यापासून बोटभर अंतरावर. शेजारी दादाने आपला कच्चा तुकडा ठेवला. त्याचे डोळे सकाळपासून पहिल्यांदाच चमकत होते.

"कुठून सुरुवात करायची?" त्याने विचारलं.

तिने चाकाचं बटण दाबलं, तुकडा उजेडात फिरवला, एक बाजू बघितली, दुसरी बघितली.

"आधी साल कुठे ठेवायची ते ठरवू," ती म्हणाली.